भद्रवाहच्या सुगंधी मळ्यांत

लव्हेंडर हा शब्द आमच्या पिढीतील इंदूरकरांना अपरिचित नव्हे. आमच्या बालपणी लग्नकार्यात गुलाबदाणीतून अंगावर पडणाऱ्या कोणत्याही विलायती सुगंधी पाण्याला वडीलमंडळी सरसकट लव्हेंडर म्हणत. ते कोणत्या झाडापासून निघते, हे विचारण्याची बुद्धी मात्र आम्हांस कधी झाली नाही. पन्नाशी उलटल्यावर ते झाड आपल्याच देशात, जम्मूच्या डोंगरांतील पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत उभे पाहण्याचा योग आला, तो २०२३ च्या जूनमध्ये.

प्रवासाचे निमित्त सांगितलेच पाहिजे, कारण त्यावाचून पुढील हकीकतीला अर्थ उरणार नाही. २०२१ च्या एप्रिलात करोनाची दुसरी लाट आमच्याही घरात शिरली. आम्ही उभयता त्यातून उठलो. परंतु जाताना त्या आजाराने आमच्या सौभाग्यवतीचे घ्राणेंद्रिय जे नेले, ते परत दिले नाही. प्रथम त्याचे कोणाला काही वाटले नाही. पण दूध उतू जाऊन करपले तरी तिला शेजारच्या खोलीत कळेना, नासलेले वरण तिने नकळत पानात वाढले, तेव्हा ती मनातून खचली. तिच्या हातच्या गोड्या मसाल्याला आमच्या आळीत मोठी कीर्ती. धणे, तीळ, खोबरे आणि दगडफूल भाजताना कढई कोणत्या क्षणी उतरवायची, हे तिला घड्याळाने नव्हे, नाकाने कळे. त्या वर्षापासून मसाला भाजताना शेजारच्या काकूंना बोलावून आणावे लागू लागले. काकू "झालं" म्हणत, ही गॅस बंद करी, आणि दिवसभर कोणाशी बोलत नसे.

डॉक्टरांनी लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी यांचे वास सकाळ-संध्याकाळ घेण्याचा अभ्यास सांगितला होता. चार महिने तिने तो नेमाने केला. मग त्या चारही बाटल्या देवघराच्या खणात गेल्या.

अशा स्थितीत आमच्या शाळेतील वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांनी एके दिवशी भद्रवाहच्या लव्हेंडर-मळ्यांचे वर्तमानपत्रातील चित्र दाखवले आणि आमच्या मनाने घेतले. सौ.पाशी विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "अहो, मला काय त्याचं? आंधळ्याला आरसे महालात नेण्यासारखं आहे. पण डोंगर पाहायचे असले तर येते." शाळा जूनच्या मध्यावर उघडणार होती. तेवढ्यात जाऊन यायचे ठरवून जूनच्या पहिल्या आठवड्यात मालवा एक्सप्रेसने आम्ही जम्मूचा रस्ता धरला.

जम्मूहून भद्रवाह सुमारे दोनशे किलोमीटर. मोटारीचा चालक भद्रवाहचाच, मितभाषी गृहस्थ होता. उधमपूर मागे पडल्यावर चेनानीपाशी त्याने विचारले, की पटनीटॉपवरून जुन्या रस्त्याने नेऊ का? येथे २०१७ साली डोंगराच्या पोटातून सुमारे सव्वानऊ किलोमीटरचा बोगदा झाला, आणि श्रीनगरकडे जाणारी बहुतेक रहदारी त्यात शिरली. आम्ही जुना रस्ता मागितला आणि ते बरे झाले. देवदारांच्या छायेतून वळणे घेत वर चढणाऱ्या त्या वाटेवर कुद नावाचे गाव लागते. शुद्ध तुपातील पतीशासाठी ते सर्व जम्मूत नावाजलेले आहे. दुकानात पतीसा ताजा निघत होता, मोठ्या परातीतून वाफा येत होत्या. दुकानदार म्हणाला, की बोगदा झाल्यापासून निम्मे गिऱ्हाईक डोंगराखालून निघून जाते. आम्ही एक किलो घेतला. सौ.ने तोंडात टाकला, जिभेवर तो विरघळू दिला आणि म्हणाली, "गोड आहे." अलीकडे कोणत्याही पदार्थाबद्दल ती एवढेच सांगते: गोड आहे, तिखट आहे, आंबट आहे.

बटोतपाशी श्रीनगरचा जुना रस्ता सोडून आम्ही उजवीकडे डोड्याच्या वाटेला लागलो, आणि थोड्याच वेळात खाली, फार खाली, चिनाब दिसू लागली. चिनाबचे संस्कृत नाव चंद्रभागा. लाहौलमध्ये तांदी येथे चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात, म्हणून चंद्रभागा. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमाच. तेथे ती चंद्रकोरीसारखी वळली म्हणून तिला ते नाव पडले. दोन नद्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. हे सर्व आम्ही वर्गात सांगावे तसे सविस्तर सांगितले, सौ.ने ते ऐकून घेतले आणि तरीही मोटार थांबवून हात जोडले. चालकानेही काही न बोलता इंजिन बंद केले.

पुढे पाणी संथ आणि रुंद होत गेले. बगलिहार धरणाचा हा फुगवटा. नीरू नदी जेथे चिनाबला मिळते, तेथे पूल डोडा नावाची एक जुनी बाजारपेठ होती. धरण भरले तेव्हा ती पाण्याखाली गेली. चालकाने बोट दाखवून, "माझ्या मामाचं दुकान तिथे होतं," एवढेच सांगितले. तेथून नीरूच्या काठाकाठाने भद्रवाहची वाट चढू लागते. दरी अरुंद, मग एकाएकी उघडी; धानाची हिरवी खाचरे, अक्रोडाची झाडे, आणि भोवती बर्फाचे पांढरे पट्टे अजून अंगावर वागवणारे डोंगर. या खोऱ्याला लोक छोटा काश्मीर म्हणतात. उपमा प्रवासी मंडळींच्या सोयीची आहे. भद्रवाहला स्वतःचे पुरेसे आहे. पाच हजार फुटांहून अधिक उंचीवरील हे गाव नागपूजेचे जुने ठाणे. येथील मंदिरात वासुकी नागासह जीमूतवाहनाची काळ्या पाषाणातील मूर्ती आहे. नागाच्या जागी स्वतःला गरुडापुढे ठेवणारा हा राजपुत्र आम्हांस श्रीहर्षाच्या 'नागानंद' नाटकामुळे माहीत होता. पाठ्यपुस्तकातला तो माणूस असा डोंगरात देव होऊन बसलेला भेटेल, याची कल्पना नव्हती. रात्री भद्रवाहचा बारीक दाण्याचा लाल राजमा आणि भात जेवलो. त्याच वर्षी पुढे या राजम्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे वाचले, तेव्हा आमच्या जिभेने आधीच दिलेल्या निकालावर सरकारी शिक्का बसल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालकाने आपल्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे नेले. मोटार रस्त्यावर ठेवून पंधरा मिनिटे पायी उतरलो आणि मळ्याच्या बांधावर पोहोचलो, तो समोर जांभळ्या रंगाचा मागमूस नाही! राखी-हिरव्या रंगाची गोल गोल झुडपे रांगांनी बसलेली, जणू न्हाव्याच्या खुर्चीतून नुकतीच उठलेली डोकी. मळा आदल्याच दिवशी कापला होता. दोन दिवस-रात्रींचा प्रवास करून आम्ही हेच पाहायला आलो की काय? आमच्या चेहऱ्यावरील भाव शेतकऱ्याने ओळखले असावेत. पन्नाशीचा, उंच, उन्हाने रापलेला तो गृहस्थ हसून म्हणाला, "मास्टरजी, निम्मं फूल उमललं की विळा चालवावा लागतो. सगळं उमलेपर्यंत थांबलो, तर तेल वाऱ्यावर जातं. पाहणाऱ्याला जेव्हा सर्वांत सुंदर दिसतं ना, तेव्हाच आम्हांला कापायचं असतं."

हे वाक्य पुढे दिवसभर आमच्याबरोबर होते. आम्ही फुले पाहायला येणार, हे त्या फुलांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

वरच्या अंगाचा, थंड जागेवरचा मळा मात्र उभा होता. त्याची कापणी परवा. तासभर चढून तेथे गेलो आणि मग जे दिसले, ते चित्रातल्यासारखे मुळीच नव्हते. चित्रातले मळे क्षितिजापर्यंत पसरलेले असतात. तशी सपाट, अफाट शेते फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात आहेत. येथे डोंगराच्या पाठीवर कोरलेल्या लहान लहान पायऱ्या, कोणती दोन खाटांएवढी, कोणती शाळेच्या वर्गाएवढी. पण प्रत्येक पायरीवर कमरेपर्यंतची जांभळी कणसे वाऱ्याने एका अंगाला झुकत होती, मागे देवदारांची काळपट रांग होती, आणि सर्व मळाभर मधमाश्यांचा असा एकसारखा नाद भरला होता, की बोलताना आवाज चढवावा लागे. जवळ जाऊन पाहिले तर जांभळा रंग एक नव्हताच. कळीचा गडद, उमलत्या फुलाचा निळसर, आणि कोमेजल्याचा मातकट.

एक दांडा हाती घेऊन बोटांत फिरवला. तो गोल नव्हे, चौकोनी होता. तुळशीचा दांडा असाच चौकोनी असतो, पुदिन्याचाही. तिन्ही एकाच कुळातील. भूमध्य समुद्राकाठच्या या पाहुण्याशी आमच्या अंगणातील तुळशीचे असे नाते निघालेले पाहून आम्हांस आनंद झाला आणि तो आनंद सौ.ला दाखवण्यासाठी आम्ही रांगेत दोन पावले आत गेलो. तोच मागून खणखणीत आवाज आला, "अंकल, रांगेत पाय नको!" शेतकऱ्याचा बारा वर्षांचा नातू. तीस वर्षे मुलांना हटकण्यात घालवलेल्या मुख्याध्यापकाला एका मुलाने हटकले. आम्ही निमूट बांधावर आलो. मग त्याने सांगितले, की उन्हाळी प्रवासी येतात, छायाचित्रासाठी झुडपांत बसतात, आणि मोडलेली फांदी दुसऱ्या वर्षी तेवढे फूल देत नाही. ही झुडपे बियांपासून नव्हे, फांदीच्या कलमापासून लावतात. दुसऱ्या वर्षी फुलोरा येऊ लागतो आणि नीट जपली तर एकदा लावलेली बाग पंधरा वर्षे देत राहते. पाणी फार लागत नाही; मुळाशी साचले तर उलट झाड मरते.

सौ. बांधावर बसली होती. तिने एक तुरा हातात चोळला, ओंजळ नाकाशी नेली, बराच वेळ तशीच धरली आणि मग आमच्याकडे पाहून विचारले, "कसा आहे हो वास?"

वाचकहो, आम्ही मराठी विषय घेऊन एम. ए. झालो. सुवास, परिमळ, दरवळ, घमघमाट. उग्र, कुबट, खमंग, करपट. आपल्या भाषेत नाकाला शब्दांची वाण नाही, असे आम्ही मुलांना अभिमानाने शिकवत आलो. पण यांतील प्रत्येक शब्द वास घेतलेल्या माणसासाठी आहे. ज्याला तो येत नाही त्याच्यापुढे 'परिमळ' म्हणजे केवळ चार अक्षरे. आम्ही खूप वेळ घुटमळलो आणि शेवटी म्हणालो, "तुळस आहे. थोडा कापूर आहे. आणि ट्रंकेतून काढलेलं धुतलेलं लुगडं असतं ना, तसंही काही आहे."

"म्हणजे देवघर आणि कपाट एकत्र," ती म्हणाली आणि हसली. ती हसली याचे आम्हांस इतके बरे वाटले, की ओंजळीत काही कळले का, हे विचारायचे आम्ही राहून गेलो.

दुपारी शेतकऱ्याच्या घरी जेवण झाले. मक्याची रोटी, रानभाजी, ताक. आम्ही रोटीची स्तुती केली तेव्हा घरातील वृद्ध आई म्हणाली, की पीठ बाजारचे आहे. या उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या मकाच पिकत असे, पण त्यात वर्षाचे भागत नसे, आणि कणसे भरली की माकडे आणि अस्वले आपला वाटा आधी घेऊन जात. लव्हेंडरला जनावर तोंड लावत नाही. जम्मूच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी रोपे दिली, लावण्याची रीत शिकवली. ही प्रयोगशाळा औषधिविद्येचे आद्य संशोधक कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या प्रेरणेने १९४१ साली सुरू झाली. आज ती वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची संस्था आहे. परिषदेने २०१६ साली सुगंधी पिकांची मोहीम काढली, तीतून ही लागवड या खोऱ्यात वाढली, आणि २०२२ च्या मे महिन्यात भद्रवाहला पहिला लव्हेंडर-उत्सवही झाला. मुलगा हे सांगत असता म्हातारी मधेच म्हणाली, "फूल चांगलं. पैसा चांगला. पण फूल खाता येत नाही." घरामागची एक पायरी तिने हट्टाने मक्यासाठी ठेवली होती. मुलगा म्हणे, तेथे माकडांसाठी पेरणी होते. आम्हांस म्हातारीचे म्हणणे पटले, आणि मुलाचेही खोटे वाटले नाही. ज्याचे पोट मक्यावर भरले नाही, त्याला मक्याची थोरवी सांगण्याचा अधिकार बाजारचे पीठ खाणाऱ्या शहरी माणसाला नसावा.

आमची नोकरीतील काही वर्षे मंदसौर जिल्ह्यात गेली. फुलांचे शेत म्हणजे आम्हांस तोवर माळव्यातील अफूचे शेत ठाऊक. फेब्रुवारीत पांढऱ्या फुलांनी डोलणारे ते शेत सुंदर असते, पण परवाना सरकारचा, मोजणी सरकारची, आणि बांधावर उभ्या राहिलेल्या परक्याकडे शेतकरी संशयाने पाहणार. येथे बांधावर बसलेल्या परक्याला ताक मिळाले, हा फरक आम्हांस मोठा वाटला.

जेवणानंतर ऊर्ध्वपातनाची भट्टी पाहिली. गावातील अनेकांच्या फुलांचे तेल तेथेच निघते. पोलादाच्या मोठ्या टाकीत जाळीवर फुलोरा दाबून भरतात, झाकण घट्ट आवळतात, आणि बॉयलरची वाफ खालून सोडतात. वाफ फुलांतील तेल उचलून नळीवाटे बाहेर पडते, नळी गार पाण्यातून जाते, वाफेचे पाणी होते आणि तेल त्या पाण्यावर तरंगते. कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या देगेत शतकानुशतके हेच करत आले आहेत. काचेच्या भांड्यात आम्ही वाट पाहत राहिलो. प्रथम थेंब थेंब पाणी, मग त्यावर फिकट पिवळ्या तेलाची एक बारीक कडा. शंभर किलो फुलोऱ्यामागे जेमतेम किलोभर तेल हाती लागते, असे शेतकऱ्याने सांगितले. किलोला दहा हजारांच्या आसपास दर मिळतो. पण दर आज आहे तो उद्या राहील का, आणि दूरच्या गावांतही सर्वांनीच लावायला घेतले तर काय होईल, ही चिंता त्याने बोलून दाखवली. उरलेले सुगंधी पाणीही वाया जात नाही. भट्टीपाशी वास इतका दाट होता, की आमचे डोके जड झाले. सौ. भांड्याशेजारी अर्धा तास उभी होती. तिला गरम वाफ तेवढी जाणवली.

निघताना आम्ही दहा मिलिलिटरची एक बाटली विकत घेतली. म्हातारीने सौ.च्या पदरात सुकवलेल्या फुलांची जुडी बांधली. नातू रस्त्यापर्यंत पोचवायला आला आणि आमच्याकडून इंदूरचा पत्ता लिहून घेतला. २०२४ च्या जूनमध्ये भद्रवाहच्या डोंगरांतून अतिरेक्यांच्या हल्ल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आम्ही काळजीने दूरध्वनी केला. फोन त्याच मुलाने घेतला. म्हणाला, सर्व ठीक आहे, कापणी चालू आहे, प्रवासी मात्र यंदा आले नाहीत, रांगा शाबूत आहेत.

परतीच्या मालवा एक्सप्रेसमध्ये ती बाटली गळली. रात्रीत केव्हातरी बूच सैल झाले, आणि पहाटे आमच्या डब्यात असा घमघमाट सुटला, की समोरच्या बाकावरील सरदारजी उठून बसले आणि कोणी अत्तराचा व्यापारी चढला की काय, असे विचारू लागले. आम्ही ओशाळलो. पिशवी उपसून रुमालाने तेल टिपले. सौ. खिडकीशी बसली होती. एवढा गलबला कशाचा, हे तिला कळेना. सांगितले तेव्हा तिने आमच्या हातातून तो चिंब रुमाल घेतला आणि नाकाशी धरला.

"काही आहे," ती म्हणाली.

"वास?" आम्ही विचारले.

"वास नाही. टोचतंय काहीतरी. इथे, वरच्या बाजूला. कापूर जाळल्यावर डोळ्यांत जातो तसं."

नाकात केवळ वासाचे नव्हे, झोंबण्याचेही निराळे ज्ञानतंतू असतात आणि ते बहुधा त्या आजारातूनही वाचतात, हे डॉक्टरांनी आम्हांस पूर्वी सांगितले होते. म्हणून आम्ही काही बोललो नाही. उज्जैनला चहा घेतला. देवास सुटल्यावर तिने रुमाल पुन्हा मागून घेतला, आणि घरी पोहोचल्यावर देवघराच्या खणातील त्या चार बाटल्या कोठे ठेवल्या आहेत, असे विचारले.